खोगीर उतरवलं म्हणून जबाबदारी संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात घोडेस्वारीबद्दल बरंच येतं, घोडा कसा निवडावा, मुलांना कधी शिकवायला घ्यावं वगैरे, पण तोच घोडा पुढे पाठीवर माणूस घेऊ शकेनासा झाला की त्याचं काय करायचं यावर कधी चार ओळी वाचल्या नाहीत, म्हणून हे पत्र. मला यातलं जे कळतं ते दोन घोड्यांनी शिकवलंय. एकाच्या बाबतीत मी चुकले.

तो १६ वर्षांचा असताना पुढच्या पायाने लंगडायला लागला. नॅव्हिक्युलर, म्हणजे खुराच्या आतल्या बारक्या हाडाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले रपेट बंद. घोडा २५-३० वर्षं सहज जगतो, म्हणजे अजून दहा वर्षं वैरण, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, दातांची तपासणी, जंताचं औषध हे सगळं चालूच राहणार, आणि खरं सांगते, मी त्या खर्चाला घाबरले. "चांगल्या माणसाकडे" म्हणून फुकट देऊन टाकला. दोन वर्षांनी कळलं की तो तिथूनही पुढे विकला गेला आणि फिनाइलब्युटाझोन हे वेदना दाबणारं औषध देऊन त्याच्यावर रोज स्वारी चालू होती. त्या औषधाने झिजलेलं हाड काही भरून येत नाही, दुखणं फक्त दबतं, आणि घोडा लंगडत नाही म्हणून बघणाऱ्याला ठणठणीत वाटतो. मी शोधत गेले तोवर तो तिथूनही हलवला होता. ज्याने मला इतकी वर्षं पाठीवर वागवलं त्याचा शेवट मी परक्यांवर सोपवला, ही गोष्ट अजून मला खाते.

आता कुणी म्हणेल की मग काय, चालेनासा झाला की मारून टाकायचा? अजिबात नाही हो. स्वारी बंद झाली म्हणजे जगणं संपलं असं नसतं. मोकळं कुरण, जोडीला एखादा घोडा आणि वेळेवर खुरं कापणारा माणूस एवढ्यावर कितीतरी घोडे वर्षानुवर्षं मजेत राहतात. दात गेले तर गवत चावून चावून बाहेर टाकतात, तेव्हा भिजवलेला मऊ चारा देता येतो. पण रोज त्याच्याकडे बघायला हवं, आणि बघायचं काय हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. घोडा कळपातला आणि शिकार होणारा प्राणी आहे, तो दुखणं लपवतो, कुत्र्यासारखा केकाटत नाही.

माझी दुसरी घोडी, तांबडी, २७ वर्षांची होती. खात होती, हाक मारली की कान टवकारायची, मला वाटायचं छान चाललंय. एक दिवस खरारा करताना दिसलं की पुढच्या पायांच्या सांध्यांवर, खुराच्या वरच्या भागात, पुढून खपल्या धरल्यात. कुठे तरी आपटली असेल म्हणून मी मलम लावलं, बऱ्या झाल्या, परत आल्या. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, ही शेवटची आडवी कधी झाली होती? मला आठवेना. मग लक्षात आलं की कितीतरी दिवसांत तिच्या अंगाला किंवा आयाळीत गवताची काडीसुद्धा चिकटलेली दिसली नव्हती. घोडा उभ्याने डुलकी काढतो पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. तिच्या मागच्या पायांना संधिवात होता, बसलो तर उठता येणार नाही या भीतीने ती बसतच नव्हती, आणि उभ्या उभ्या झोप अनावर झाली की गुडघ्यात मोडून पडायची. म्हणून त्या खपल्या!

औषधं केली, खाली जाड मऊ पेंढा घातला, दोन महिने बघितलं. ती बसली नाही. मग मी आणि डॉक्टरांनी तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा दिवस ठरवला. हेच मला सगळ्यांना सांगायचंय, की दिवस आपण ठरवा, रात्री दोन वाजता पोटशूळाने लोळणाऱ्या घोड्याजवळ टॉर्च धरून ठरवायची वेळ येऊ देऊ नका. आपण गावाला गेलो असलो तर कुणी निर्णय घ्यायचा तेही आधी लिहून ठेवा. चार-पाचशे किलोचं धूड असतं, त्याचं नंतर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं, आपल्या भागात पुरायला परवानगी आहे का तेही विचारून ठेवायला हवं. इंजेक्शन पेंटोबार्बिटलचं असेल तर ते औषध मेलेल्या अंगात तसंच राहतं, कुत्र्यांनी किंवा गिधाडांनी तोंड लावलं तर तीही मरू शकतात, म्हणून उघड्यावर टाकायचं तर नावही काढू नका. जाणत्या माणसाने नीट मारलेली गोळीसुद्धा तितकीच दयेची असते, ऐकायला भयंकर वाटतं पण घोड्याला काही कळायच्या आत सगळं होऊन जातं.

डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की ती एकदम कोसळेल, डोळे उघडेच राहतील, नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं होईल पण ती तेव्हा नसेल. ते माहीत होतं म्हणून मी उभी राहू शकले. सकाळची वेळ निवडली, तिच्या आवडत्या कोपऱ्यात, तोंडात गवत होतं.

तिच्या जोडीच्या घोड्याला मुद्दाम जवळ सोडलं, नाहीतर हे मागे उरलेले दिवसचे दिवस खिंकाळत कुंपणाला फेऱ्या मारत राहतात. त्याने तिचं नाक हुंगलं, मान हुंगली, खुराने एकदा हलकेच ढोसलं, बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग चरायला निघून गेला.

आपली,
एक वाचक