ड्रॅगनच्या खांद्याबद्दल, आईकडून

प्रिय पिल्ला,

तू पाठवलेलं चित्र काल रात्री मोठ्या पडद्यावर उघडून बघितलं. प्रकाशकांकडून आलेला निरोपही वाचला: रंग सुंदर आहेत, पण प्राणी जिवंत वाटत नाही. तुला त्या वाक्याचा राग आलाय आणि ते खरं असेल अशी धास्तीही वाटतेय, हे तुझ्या दोन ओळींवरून कळलं. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर मी समजूत काढत राहिले असते, आणि आत्ता तुला समजुतीपेक्षा खांद्याचं हाड जास्त उपयोगी पडेल.

माझी तीस वर्षं जनावरांच्या अंगावर हात फिरवून दुखणं शोधण्यात गेली. तुझा ड्रॅगन बघितल्याबरोबर मी मनातल्या मनात त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हाताला काही लागलंच नाही. पंख पाठीला वरून चिकटवल्यासारखे आहेत. त्यांच्या मुळाशी फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं पसरट हाड नाही, ते ओढायला मांस नाही. एवढं धूड हवेत उचलायचं तर ताकद छातीतून यायला हवी. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधोमध होडीच्या कण्यासारखी एक उभी कड असते आणि पंख खाली मारणारे मोठे स्नायू त्या कडेला धरून असतात. तुझ्या ड्रॅगनची छाती मात्र शिकारी कुत्र्यासारखी अरुंद आहे.

आता पंख. तू ते वटवाघळाचे घेतलेस, ते छान केलंस. पण वटवाघळाचा पंख म्हणजे हातच असतो, लांबच लांब झालेल्या चार बोटांवर ताणलेला कातडीचा पडदा. अंगठा तेवढा मोकळा राहतो, नखासकट. तुझ्या चित्रात पडद्यातल्या काड्या छत्रीसारख्या एका टोकातून फुटल्यात, त्यांना मनगट नाही, पेरं नाहीत. मनगट कुठं आहे ते ठरव, मग पंख मिटल्यावर कसा दिसेल हे तुझं तुलाच दिसायला लागेल. आणि चार पाय अधिक दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले. कणा असलेल्या कुठल्याच प्राण्याला सहा नसतात, त्यामुळे इथं नक्कल करायला काही मिळणार नाही, तुलाच शोधावं लागेल. पुढच्या पायांच्या फऱ्यामागे दुसरा फरा बसवलास तर छातीचा पिंजरा लांब आणि खोल करावा लागेल. नाहीतर पुढचे पाय काढून टाक आणि पंखांवर टेकून चालू दे त्याला, वटवाघूळ जमिनीवर चालतं तसं. मला दुसरा पर्याय आवडतो. त्याच्या चालण्यात एक अवघडलेपण येईल आणि त्यातूनच त्याचा स्वभाव दिसेल.

मागच्या पायांबद्दलही सांगते, कारण ही चूक मी बऱ्याच चित्रांत बघते. घोड्याच्या मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या लगत असतो. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतात, ते मनगट. घोडा उभा असतो तो एकेका बोटाच्या टोकावर, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. त्याला हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाडही नसतं. पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात, म्हणून धावताना फरा कातडीखाली सरकताना दिसतो. हे एकदा कळलं की कुठल्याही काल्पनिक प्राण्याचा पाय काढताना तुझी पेन्सिल अडणार नाही.

डोळ्याची उभी चीर तू मांजरावरून घेतलीस. पण मांजराची बाहुली उभी असते आणि वाघाची गोल. शेळी-मेंढीची आडवी. उभी चीर बहुतेक जमिनीलगत दबा धरून बसणाऱ्या लहान शिकाऱ्यांकडे आढळते. तुझा ड्रॅगन डोंगराएवढा आहे, तो कुणासाठी दबा धरेल? त्याला गोल बाहुली देऊन बघ. मला वाटतं, तो जास्त भीतिदायक होईल, कारण तो आपल्यासारखाच बघायला लागेल.

खवले तू ब्रशने एकसारखे छापलेस, ते लगेच कळतं. मगरीच्या पाठीवरचे खवले मोठे आणि कडक असतात, पोटावरचे चौकोनी, ओळीत बसवलेले, आणि कुशीत, मानेला, जिथं कातडी वळायची तिथं बारीक गोल. वळण्याच्या जागा नीट दिसल्या तरच प्राणी हलेल असं वाटतं. अजून एक. सशाच्या कानातली शीर शोधायची असली की मी कान उजेडासमोर धरते. कान लालसर पेटतो आणि शिरांचं जाळं दिसतं. तुझ्या चित्रात सूर्य ड्रॅगनच्या मागे आहे, तरी पंखांचा पडदा काळा, मुका राहिलाय. उजेड त्यातून आरपार येऊ दे.

तू म्हणशील, आई, हे कल्पनेतलं चित्र आहे. हो, आणि म्हणूनच. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की काल्पनिक प्राण्याचा प्रत्येक अवयव कुठल्यातरी खऱ्या प्राण्याच्या अवयवासारखा असायला हवा. ड्रॅगन काढायचा तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची, असं तो सांगतो. जर्मन चित्रकार ड्यूररने 1515 साली गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं तेव्हा त्याने गेंडा पाहिलेलाच नव्हता. कुणीतरी काढलेलं रेखाटन आणि वर्णनाचं एक पत्र, एवढ्यावर त्याने काम केलं. अंगावर चिलखताची पानं चढवली, मानेच्या मागे नसलेलं एक छोटं शिंग दिलं. तरी पुढे दोनशेहून अधिक वर्षं लोक ते चित्र खरं मानत आले. मी ते बराच वेळ बघत बसले होते. पशुवैद्य म्हणून त्यात मला चुकाच चुका दिसतात, आणि तरी त्या गेंड्याचं वजन माझ्या डोळ्यांना जाणवतं. पाय जमिनीत रुतलेत, कातडीला घड्या आहेत, तो श्वास घेतोय. तुझ्या ड्रॅगनचे पाय खडकावर नुसते टेकलेत. खडकाची एक कपची तरी निखळू दे.

आता जे लिहायचंय ते मला जड जातंय. लहानपणापासून तुझी पूर्ण झालेली चित्रंच मी भिंतीवर लावली. अर्धवट पानं, खाडाखोड, एकाच हाताच्या दहा आवृत्त्या मी पसारा म्हणून आवरून ठेवल्या. त्यातून तुझा समज झाला असावा की चांगला चित्रकार पहिल्या फटक्यात चांगलंच काढतो. तू अजूनही स्केचबुक लपवतेस, आणि त्याचं कारण मी आहे असं मला वाटतं. मला माफ कर. या चित्राची थंबनेल्स, म्हणजे रचना ठरवायची छोटी कच्ची चित्रं, किती केली होतीस, असं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, दोन. म्हणजे रचना ठरायच्या आतच तू खवले काढायला घेतलेस.

पुढच्या वेळी आगपेटीएवढ्या चौकटींत तीस कर. तीन टोन पुरेत: काळा, मधला, पांढरा. डोळे किलकिले करून बघितल्यावर जी चौकट वाचता येते ती ठेव. ड्रॅगन आग ओकतोय तो क्षण सगळेच काढतात. त्याआधीचा काढून बघ, छाती फुगलेली, घशातली कातडी ताणलेली, आणि समोरच्या मुलीला अजून काही कळलेलं नाही. आकार मोठा वाटावा म्हणून तू त्याने चौकट भरून टाकलीस. त्याऐवजी त्याच्या खांद्यापाशी उडणारे ठिपक्यांएवढे चार पक्षी काढ आणि लांबचा भाग धुक्यात फिका होऊ दे. मातीचं वीतभर धड बनवून टेबललॅम्पखाली ठेव, सावली कुठं पडते ते अंदाजाने ठरवायला नको. मधूनमधून चित्र आरशात उलटं बघ. हे सगळं तूच मला कधीतरी सांगितलेलं आहे, तुझ्या जुन्या वह्यांच्या कडेला लिहिलेलंही आहे. घाईत विसरलीस.

टॅबलेट नवा हवा की जुना चालेल, यावर माझं काही मत नाही. मात्र रोज अर्धा तास कागदावर काढ, जिथं अनडू नसतं. कुत्रा, गाय, कावळा, जे समोर हलत असेल ते, दोन-दोन मिनिटांत. जनावर पोझ देत नाही, म्हणूनच हात तयार होतो.

नोकरी सांभाळून हे होत नाही, असं तू लिहिलंस. परीकथांचा चित्रकार आर्थर रॅकहॅम अठराव्या वर्षी विम्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि संध्याकाळी कलाशाळेत जायचा. सात वर्षांनी त्याने नोकरी सोडली, आणि ज्या रंगीत चित्रांनी त्याचं नाव गाजलं ती 1905 साली आली, कारकुनी धरल्यापासून वीस वर्षांनी. त्याची झाडं बघ. खोडं गाठाळलेली, मुळं जमिनीत बोटं रोवल्यासारखी. ही झाडं एका वर्षात हाताला येणारी नव्हेत. तू या वाटेला लागून तीन वर्षं झालीत. मी घाईत नाहीये, तूही नको होऊस.

प्रकाशकांना उत्तर पाठव. प्राणी जिवंत वाटत नाही म्हणजे नेमकं कुठं, हे विचार. सांगितलं तर उत्तम, नाही सांगितलं तरी तुझ्याकडे आता खांदा, मनगट आणि छाती एवढं काम आहेच.

मी पुढच्या आठवड्यात माझं जुनं शरीररचनेचं पुस्तक पाठवते. पक्ष्यांच्या प्रकरणात खुणा करून ठेवल्यात. त्याच्या बदल्यात मला पंखाची कच्ची पानं हवीत, खाडाखोडीसकट. भिंत मी रिकामी करून ठेवली आहे.

तुझी,
आई