‘सगळं काढलं’ म्हणजे नेमकं काय काढलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्याचं छायाचित्र आलं होतं. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एक शेळी, आणि सगळ्यात वर बसलेल्या पाच बायका. फोटो चांगला होता. मी मात्र जुन्या सवयीनं मोजत बसले, की या पाचातल्या किती जणींची गर्भाची पिशवी शाबूत असेल. बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर मी ३१ वर्षं नर्सबाई म्हणून काढली. आता वय ७१. गुडघे कुरकुर करतात, पण चष्मा लावून वाचता येतं, आणि त्यामुळंच हे पत्र लिहायची वेळ आली.

श्रावणात आमच्या ओट्यावर एक बाई आली. वय ४१, उजव्या मनगटाला प्लास्टर. उंबऱ्यावर पाय अडखळला आणि पडली, एवढंच निमित्त. हातातल्या कॅरीबॅगमध्ये रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक आणि घडीवर फाटलेलं एक डिस्चार्ज कार्ड, नऊ वर्षांपूर्वीचं. “नर्सबाई, हाड इतकं ठिसूळ कसं झालं म्हणून डॉक्टर इचारायलेत. जुना कागद आणा म्हणले. काय लिव्हलंय ते तुम्ही वाचा एकदा.”

इंग्रजीत दोनच शब्द होते कामाचे: टीएएच, बीएसओ. मी विचारलं, “काय काढलं म्हणून सांगितलं होतं तुला?”

“पिशवी. म्हणले, सगळं काढलं, आता कटकट मिटली.”

टीएएच म्हणजे पोट उघडून काढलेली पिशवी. बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशयं, नळ्यांसकट. मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यातल्या दोन उचलून तिच्या पोटापाशी धरून दाखवल्या: पिशवीच्या दोन्ही अंगांना एवढी एवढी असतात, पाळी जाईपर्यंत हाडं धरून ठेवणारा रस तीच तयार करतात. आपल्याकडं पाळी जाते ती पंचेचाळीस-सत्तेचाळिशीच्या सुमारास, आणि तीही हळूहळू, शरीराला सवय करून देत. हिची बत्तिसाव्या वर्षी एका दुपारीत गेली. मग तिला एकेक आठवायला लागलं. “लई आग व्हायची अंगाची. थंडीच्या दिसात वाकळ फेकून द्यायचे. झोप न्हाई. सासू म्हणली, हिला बाहेरचं झालंय.” देवऋष्याकडं दोन कोंबड्या गेल्या, तेही त्यातच. शेवटी तिनं विचारलं, “मग ते परत बसवता येतंय का?”

पिशवी काढली कशासाठी? अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यात बाई बसली की अख्खा कोयता बसतो. खाडा पडला की मुकादम पाचशे कापणार. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात गावी आली तेव्हा एका खासगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं गेलं. ऑपरेशनचे तीस हजार मुकादमाकडूनच उचल म्हणून घेतले आणि पुढचे दोन हंगाम ते फेडण्यात गेले. मुळात असं पांढरं जाणं हा पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. फडात ना संडास, ना आडोसा, ना धुवायला पाणी. ओल्या कापडावर दिवस काढले तर दुसरं काय होणार?

२०१९ साली या विषयानं महाराष्ट्र हादरला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहातली एक. देशभरात हेच प्रमाण त्या सुमारास शंभरात तीनच्या आसपास होतं. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. चांगलंच झालं. पण परवानगीची कटकट नको म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन करून आलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. जिची काढून झाली तिचं पुढं काय, हे तर कुठल्याच नियमात दिसत नाही. तिला चाळिशीतच साठीची हाडं घेऊन ऊस तोडायचा असतो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं.

कॅन्सरच्या भीतीचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्यावरचा उतारा आपल्याच मराठवाड्यात सापडला होता. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्याच्या जवळपास येतात, हे २००९ साली जगासमोर आलं ते इथल्या बायकांमुळं. (त्यातल्या एका गटाला काहीच तपासणी दिली नाही म्हणून पुढं वाद झाला, आणि तो रास्तच होता.) ज्या मातीतल्या बायकांनी जगाला हे शिकवलं, तिथंच आज “कॅन्सर होईल” एवढ्या एका वाक्यावर तिशीतली बाई टेबलावर झोपते. तपासणी केली का, असं तिच्या बाजूनं विचारणारं कुणी नसतं.

आता माझ्याविषयी. मी या सगळ्यात नामानिराळी नाही. एप्रिल १९९६ मध्ये कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांचं टार्गेट रद्द होईपर्यंत मार्च महिना आला की आमच्या पोटात गोळा यायचा. इतक्या ‘केसेस’ द्या, नाहीतर पगार रोखू. मी जीप भरभरून बायका शिबिराला नेल्या. शाळेच्या फरशीवर, दोघींत एक सतरंजी. विचारायचं काय, तर “लेकरं किती? मुलगा झाला का?” अंगावरून काय जातं, कंबर दुखते का, तुला स्वतःला काय वाटतं, हे विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. ऑपरेशन झालेली बाई आमच्या रजिस्टरातून उतरायची, ती पुन्हा आमच्याकडं कशाला येईल? ती खासगी दवाखान्याच्या दारात गेली, तर त्यात आमचाही वाटा आहे.

पुरुषांचं तर बोलायलाच नको. आणीबाणीत नसबंदीचा जो धसका बसला तो अजून उतरलेला नाही, असं म्हणतात. पन्नास वर्षं पुरणारा धसका मी तरी दुसरा पाहिला नाही. बिनटाक्याची शस्त्रक्रिया, बाईपेक्षा सोपी, वर सरकारचे पैसेही बाईपेक्षा जास्त. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. गर्भपाताचंही तेच. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी “मालकाला घेऊन या” हे दारातच ऐकवलं जातं, आणि मालक फडावर असतो.

मी पिशवी काढण्याच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नये. माझी स्वतःची काढलेली आहे, ६६ व्या वर्षी. साठीच्या सुमारास अंग बाहेर यायला लागलं. साऱ्या गावाच्या बाळंतपणांत हात घातलेली मी बाई, सहा वर्षं कापडाच्या घड्या ठेवून, खोकला आला की मांड्या आवळून बसत होते. सुनेला सांगितलं नाही, मुलाला कसं सांगणार? देवळात मांडी घालून बसणं सोडलं, तर लोक म्हणाले, बाईंचे गुडघे गेले. शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं, काय काढणार आणि का, ते सांगितलं, आधी पिशवीला आधार देणारी रिंग बसवून पाहू म्हणाल्या. रिंगनं भागलं नाही तेव्हा ऑपरेशन केलं. चित्र काढायला त्यांना दहा मिनिटं लागली असतील. बाहेर रांग होती, तरीही.

ही दहा मिनिटं बत्तिसाव्या वर्षी त्या बाईला मिळाली नाहीत. माझं मागणं फार मोठं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातली एक दुपार चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी राखून ठेवा. गरोदरपण, लसीकरण असलं काही नाही, फक्त ‘तुला काय होतंय’ यासाठी. डिस्चार्ज कार्डावर काय काढलं आणि काय ठेवलं, हे मराठीत लिहिणं सक्तीचं करा. ज्यांची अंडाशयं काढली आहेत त्यांच्या याद्या करून हाडांची तपासणी आणि कॅल्शियम सुरू करा. उपकेंद्राच्या बाईला गावातली घरं पाठ असतात, याद्या महिन्याभरात होतील. त्या बाईनंतर माझ्या ओट्यावर अकरा जणी आपापले कागद घेऊन आल्या. पाच कार्डांवर बीएसओ होतं. चौघींकडं कार्डच नव्हतं, बिलाची पावती तेवढी होती.

आणि एक विनंती आपल्याला. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि या ऑपरेशनांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्या दिवसांत पहिल्या पानावर, जिथं हा फोटो छापलात तिथंच, ठळक अक्षरांत तीन प्रश्न छापा: कॅन्सरची तपासणी केली का? गोळ्यांनी बरं होईल का? अंडाशयं ठेवणार की काढणार? आमच्याकडं पेपर एका घरात येतो आणि दहा घरांत भाकरी बांधायला जातो. तो बांधताना एखादी शाळेत जाणारी पोर आईला वाचून दाखवेल.

आपली,
एक निवृत्त नर्सबाई, ता. केज, जि. बीड
(नाव छापू नये. गावात मला सगळे ओळखतात, पण ओट्यावर आलेल्या बायकाही ओळखू येतील.)