बाजारात त्यांनी ओळख दाखवली नाही

महोदय,

‘पैसे मोजून परक्यापुढे कशाला रडायचं, आम्ही काय मेलो होतो?’ हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलं आहे. थेरपिस्टकडे जाणाऱ्या पुष्कळांनी ऐकलं असेल, म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. ॲम्ब्युलन्समध्ये बसवताना तोंडावर मास्क होता. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं की नाही, तेही कळलं नाही. पुढे दोन वर्षं मला धड झोप नव्हती. आधी ओळखीतल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्या मला ‘ताई’ म्हणत, जेवायला थांबवून घेत. महिनाभरात माझं सगळं बोलणं जाऊबाईंच्या कानावर गेलेलं होतं.

नंतर धरमपेठेतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊ लागले. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण मी ‘मॅडम’च म्हणते. दर मंगळवारी चार वाजता, पन्नास मिनिटं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहील; कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच गोष्ट वेगळी. संक्रांतीला तिळगुळाचा डबा नेला, तर एक लाडू खाल्ला आणि डबा परत दिला. मला ते जरा लागलंच होतं.

त्यानंतर एकदा गोकुळपेठच्या बाजारात त्या दिसल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. नजरानजर झाली आणि त्या शांतपणे पुन्हा मेथीकडे वळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंगळवारी गेले ती हे सगळं बंद करायचं ठरवूनच, आणि तसं तोंडावर बोलले. त्यांनी लगेच खुलासा केला नाही. ‘त्या क्षणी काय वाटलं?’ एवढंच विचारलं. मी म्हणाले, ‘एक शब्द न बोलता पाठ फिरवलीत.’ म्हटलं आणि मला रडू आवरेना. ते वाक्य मॅडमसाठी नव्हतंच. चार वर्षं होत आली तरी ते मी यजमानांना बोलले नव्हते.

एकावरचा जुना राग असा थेरपिस्टवर निघतो, याला मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं ट्रान्सफरन्स म्हटलं आहे. मैत्रिणीवर काढला असता तर ती रुसली असती, नाहीतर समजूत घालून तिनं मला गप्प केलं असतं. मॅडमनी तो तिथेच राहू दिला. बाजाराचं कारण शेवटी सांगितलं: त्यांनी आपणहून ओळख दाखवली, तर सोबतचं माणूस विचारणार, ‘ह्या कोण?’ त्याचं उत्तर द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं. त्या दिवशी माझ्यासोबत जाऊबाईच होत्या!

मुलानं मध्ये त्यांना फोन करून ‘आई काय सांगते?’ विचारलं. त्यांनी काहीही सांगितलं नाही. ‘फी मी भरतो’ म्हणून तो चिडला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिला आहे. फी कोण भरतो याच्याशी त्याचा संबंध नाही. आणखी एक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. जाण्याआधी ती जरूर विचारावी. पहिल्या बाईंकडे गेले तेव्हा मी काहीच विचारलं नव्हतं.

घरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, परत आलेल्या माणसाला ‘काय बोललीस?’ विचारू नका. माझी सून आता मंगळवारी काही न विचारता चहा ठेवते.

— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर