छाटणी ऐन श्रावणातच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बसस्थानकासमोरच्या चिंचेवरच्या पक्ष्यांनी व्यापारी त्रस्त झाल्याची बातमी आपण छापलीत. त्या त्रस्त व्यापाऱ्यांत मीही आहे. चिंचेच्या बरोबर समोर माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, 21 वर्षं. घाण होते, वास मारतो, हे अगदी खरं. मागच्या वर्षी फॉल लावून दारात टांगलेल्या एका गिऱ्हाइकाच्या साडीवर शिंतोडा पडला. तो ना साबणानं निघाला ना लिंबानं. साडीचे पैसे मी भरले.

तरी गेल्या मंगळवारी जे झालं ते मला पटलेलं नाही. सकाळी करवत आणि ट्रॉली घेऊन माणसं आली आणि रस्त्यावर आलेल्या फांद्या घरट्यांसकट खाली पाडल्या. एक फांदी माझ्या पायरीजवळच पडली. त्यात पाणकावळ्याचं घरटं होतं, तीन पिल्लांचं. सगळ्यात थोरल्याच्या अंगावर काळी लव, डोकं-गळा उघडा, लालभडक. धाकटं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. मादी दोन-दोन दिवसांच्या अंतरानं अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवणं सुरू होतं, म्हणून एकाच घरट्यात अशी थोरली-धाकटी असतात. घाबरून थोरल्यानं पोटातली मासळी ओकून टाकली. बोटाएवढ्या दोन चिलापी. खाली पडलेल्या पिल्लाला भरवायला आईबाप उतरत नाहीत. ते वर तारेवर बसून बघत होते.

पाणकावळा म्हटलं की लोकांना कावळाच वाटतो, आणि कावळ्याची कीव कुणाला येते? पितृपंधरवड्यापुरती त्याची आठवण. पण याचा कावळ्याशी रंगापलीकडे संबंध नाही. पायाची चारही बोटं पडद्यानं जोडलेली, चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली. आणि पिसांचं कापड तर मला, शिवणकाम करणारीला, फार आवडतं. पिसाची कड पाणी पिते, मधला भाग कोरडा राहतो. म्हणजे वरचं कापड भिजतं, अस्तर भिजत नाही. भिजून अंग जड झालं की बुडी मारायला सोपं. मग बाहेर येऊन पंख पसरून वाळत बसतो, दोरीवर घातलेल्या झंपरासारखा.

माझं माहेर उजनीकाठचं. भाऊ फुगवट्यात जाळी टाकतो आणि पाणकावळ्यांना शिव्या घालतो. पण चिंचेवरची ही जात, छोटा पाणकावळा, खाते ती बहुतेक बारकी मासळी, बेडूक, खेकडे. भावाच्या जाळ्यातला किलोचा कटला याच्या घशात मावायचा नाही. थव्यानं बुड्या मारून हे मासे उथळ पाण्याकडे रेटतात आणि काठावर उभे बगळे आयते टिपतात.

चिंचेवरही ही मंडळी एकत्रच नांदतात. गायबगळे, लहान बगळे, रातबगळे, वरच्या शेंड्यांना पाणकावळे. दिवेलागणीला पाणकावळे परततात आणि रातबगळे 'क्वाक' करत कामाला निघतात. मी शटर ओढते ती त्यांच्या पाळीवर.

छाटणीला माझा विरोध नाही. रस्त्यावर आलेली फांदी कापावीच लागते. पण पाणकावळ्यांची वीण आपल्याकडे पावसाळ्यातली. अंडी उबायला 15 ते 21 दिवस आणि पिल्लू घरट्याबाहेर पडायला वर महिनाभर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच चिंच बघा, नांदतं घरटं एकही नसतं. तेव्हा कुणाला करवत आठवत नाही. शिवाय जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच मोडतं. मी हे विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, झाडाची परवानगी आहे." झाडाची असेल हो, घरट्यांची कुणी दिली?

आमच्याच जिल्ह्यात इंदापूरला कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची घरटी असतात आणि लोक मुद्दाम बघायला येतात. घाण तिथेही होतेच की. मी साडीच्या प्रकरणानंतर दारापुढे शेडनेट बांधली, साडेसातशे रुपये खर्च आला. झाडाखालचा गाड्यांचा थांबा पावसाळ्यापुरता शाळेच्या भिंतीकडे हलवला तर निम्मी तक्रार मिटेल. त्याला तर खर्चही नाही.

त्या तिघांतलं थोरलं पिल्लू वन विभागाचा माणूस येईपर्यंत खोक्यात तग धरून होतं. धाकटी दोन त्याच दुपारी गेली. झाडावर अजून नऊ घरटी मला दुकानातून दिसतात, त्यातल्या पाचांत पिल्लं आहेत. उरलेली छाटणी पुढच्या आठवड्यात होणार असं ऐकते. ती पुढे ढकलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, जि. पुणे