‘छान’ म्हणायचं नाही

इंदूर

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं त्या प्रकाशन कंपनीचं पॅकेज मी नीट वाचलं. सत्तरीच्या वाढदिवसाला आईचं पुस्तक तीस दिवसांत छापून द्यायचं, हे तुझ्या मनात आलं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आगाऊ रक्कम भरू नकोस. भरली असशील तर परत माग. फोनवर मी नुसतं नको म्हटलं, तर तू म्हणालास, "त्या मावश्यांच्या कंपूत अडकून बसलीस तर पुस्तक शंभरीला येईल." यावर फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

आधी पॅकेजचं उरकते. बँकवाल्या मावशीनं त्यांचा करारनामा वाचला. जन्मभर कर्जाचे कागद तपासलेली बाई ती, बारीक टाइप दिसला की तिला हुरूप येतो. आयएसबीएनसाठी त्यांनी वेगळं शुल्क लावलंय. पुस्तकाच्या ओळखीचा तो तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणा फुकट देते, लेखकानं स्वतः पुस्तक काढलं तर तोही अर्ज करू शकतो. हे एक वेळ सोडून देऊ. पुढच्या पानावर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं आहे, तिथे मात्र तिनं पेन्सिलनं एवढी जाड रेघ ओढली की कागद फाटला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेलीच नसेल, तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात. पण ‘कायम’ लिहिलेल्या कागदावर आपण सही केली की कायदा तरी काय करणार? लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं हक्क चालतात. म्हणजे मी तुझ्याच मुलीचं काहीतरी विकून बसले असते.

आणि त्यांनी पाठवलेलं नमुन्याचं पान तू उघडून पाहिलंस का? माझी फाइल श्रीलिपी या जुन्या फॉन्टातली. त्यांनी ती तशीच ओढून यूनिकोडमध्ये टाकली. सगळे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेत, जोडाक्षरं फुटलीत, एका ठिकाणी सासूबाईंच्या ऐवजी नुसती चौकोनी डबी आहे. मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे, असं खाली लिहिलंय.

आता कंपूचं.

आम्ही लिहिणाऱ्या बायका दर बुधवारी जमतो. आमच्यात लिहिणारीनं स्वतःची कथा स्वतः वाचायची नाही. दुसरीनं वाचायची, आणि जिची कथा तिनं गप्प ऐकायची. हे टीचर मावशीनं घालून दिलंय. आपण आपली कथा वाचतो तेव्हा जिथे वाक्य लंगडतं तिथे आवाजानं सावरून घेतो. दुसरी वाचायला लागली की ती अडखळते. ती जिथे अडखळली, जिथे श्वास घ्यायला भलत्या ठिकाणी थांबली, तिथे पेन्सिलनं टिंब करायचं. परवा माझ्या त्या सराफ्यातल्या कथेत पहिल्याच पानावर टिंबांची रांगोळी झाली. आणि वाचून झाल्यावर कुणी ‘छान’ म्हणायचं नाही. जी म्हणेल तिनं पुढच्या बुधवारी सगळ्यांना पोहे करायचे, वर शेव आणि जिरावन मसाला तिच्याच खर्चानं. रामबागवाली मावशी सुरुवातीला इतके पोहे करत होती की आम्हाला वाटलं तिला हौसच आहे. नंतर कळलं, तिला घरात कुणी कधी ‘छान’ म्हटलेलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना वाटत सुटली होती.

तुला वाटतं आम्ही एकमेकींना धीर देत बसतो. धीर दिल्यानं काही होत नाही रे. ‘सत्तरीत कोण वाचणार आपल्याला’ हा प्रश्न दुपारी तीनला कोरा कागद समोर असताना येतो, आणि त्या वेळी लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणींचा पहिला भाग त्यांच्या सहासष्टाव्या वर्षी, 1934 साली आला होता, हे माहीत असून उपयोग नसतो. त्या लक्ष्मीबाई, आपण आपण. बुधवारी चारला पानं घेऊन जायचंय आणि नाही नेली तर टीचर मावशी सगळ्यांदेखत कारण विचारणार, याचा मात्र उपयोग होतो.

दुसरी शंका खास आपल्याकडची. तुमच्या पुण्याच्या एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती, भाषेवर हिंदीची छाया आहे म्हणून. आहेच. चार पिढ्या इथे काढल्यावर ती पडणार नाही तर काय? पण ते पत्र आल्यावर मी प्रत्येक वाक्य पुण्याच्या मापानं कापायला लागले. तेव्हा बँकवालीनं माझी जुनी पानं आणि नवी पानं शेजारी ठेवली आणि म्हणाली, "ही नवी बाई कोण आहे? हिला मी ओळखत नाही." त्या कथेतली माणसं पुन्हा इंदुरी बोलू लागली ती त्या दुपारपासून. मी आता निवेदन जपून लिहिते, पण माणसांच्या तोंडी घातलेल्या बोलण्याला हात लावत नाही. तेवढी तडजोड मला पटते.

परक्या मुलखातलं मराठी म्हणून फार दबून राहायचं कारणही नाही. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन 1878 साली पुण्यात भरलं. बाईला अध्यक्षपद मिळायला 1961 उजाडलं, आणि ते मिळालं ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांड्यांना. मग 1975 ला कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत, 1996 ला आळंदीला शान्ताबाई शेळके, 2001 ला आपल्या इंदूरला विजया राजाध्यक्ष, 2019 ला यवतमाळला अरुणा ढेरे आणि 2025 ला दिल्लीला तारा भवाळकर, पंचाऐंशी वर्षांच्या. इतक्या संमेलनांत सहा बायका, हे मोजून राग येतो तो येतोच. पण त्यातल्या दोघी आमच्या इकडच्या मांडवात बसल्या, हेही मी मोजते. इंदूरच्या संमेलनात मी भोजनाच्या कुपनांवर शिक्के मारत होते, तुला आठवत असेल. रांगेत एक बाई कुपन विसरून आली आणि माझ्याशीच वाद घालायला लागली. ती टीचर मावशी.

ताईच्या मुलीला नववीत हिंदीला महादेवी वर्मांच्या बालपणाचा पाठ होता. तिचा अभ्यास मीच घ्यायचे. महादेवींची सुरुवातीची शाळा इंदूरचीच, म्हणून मला जरा जास्त प्रेम. पुढे त्या अलाहाबादला क्रॉस्थवेट कॉलेजच्या वसतिगृहात गेल्या. त्या पाचवीत आणि सुभद्राकुमारी चौहान सातवीत, एकाच खोलीत. महादेवी चोरून कविता करायच्या. सुभद्राकुमारींनी एक दिवस त्यांच्या डेस्कची झडती घेतली आणि हाताला धरून होस्टेलभर सांगत सुटल्या, ही कविता लिहिते म्हणून. हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण सुभद्राकुमारी वसतिगृह सोडून गेल्यावर त्या खोलीत कोल्हापूरची एक मराठी मुलगी आली, झेबुन्निसा. ती महादेवींचं डेस्क पुसायची, पुस्तकं जागेवर लावून ठेवायची, आणि तेवढा वेळ महादेवींना कवितेसाठी मिळायचा. हिंदीत मराठी घुसडते म्हणून तिथल्या उस्तानी, म्हणजे शिक्षिका, तिला टोकायच्या, तर ती मुळीच ऐकून घ्यायची नाही. नातीच्या परीक्षेत प्रश्न सुभद्राकुमारींवर आला. माझ्या मते झेबुनवर यायला हवा होता.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. बाबा अंथरुणाला खिळले होते त्या उन्हाळ्यात तू रोज फोन करायचास आणि मी सांगायचे, चाललंय. चाललं होतं ते टीचर मावशीमुळे. आठवड्यातल्या दोन दुपारी ती स्कूटीवरून यायची, बाबांपाशी बसायची, त्यांना ‘नईदुनिया’ पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. बाबा तिचे हिंदी उच्चार सुधारायचे, ती भांडायची, त्यात त्यांचा वेळ जायचा. आणि मला ती सांगून ठेवायची की स्वयंपाकघरात गेलीस तर मी निघून जाईन. मागच्या खोलीत बसून लिही. मी सुरुवातीला नुसती बसायचे. मग झोपायचे. तेही तिला चालायचं. पुढे लिहायला लागले. तू ज्या बाराव्या कथेचं फोनवर कौतुक केलंस ती त्या खोलीतली आहे. तिचं पहिलं वाक्य मी लिहिलं तेव्हा पलीकडून मंडीतले लसणाचे भाव ऐकू येत होते.

त्याच टीचर मावशीला आता नावं आठवत नाहीत. माणसांची आठवतात, पात्रांची नाही. तिच्या कादंबरीत धाकट्या जावेचं नाव तिसऱ्या प्रकरणात बदलतं आणि सातव्यात पुन्हा पहिलं होतं. तिनं कादंबरी बंद करून माळ्यावर टाकायची ठरवली होती. म्हणाली, मुलांसमोर एवढी वर्षं हजेरी पाठ म्हटली आणि आता मीच घडवलेली माणसं मला ओळख देत नाहीत. रामबागवालीनं काही समजूत घातली नाही. शाळेचीच एक लांबट वही आणली, रेघा मारल्या, आणि सगळी हस्तलिखितं वाचून त्यात नोंदी केल्या: नाव, नातं, कोणत्या प्रकरणात किती वय, कुणाला मधुमेह, कोण कुणाशी बोलत नाही. आता लिहिताना वही उघडी असते. वहीत नाही असं कुणी नवीन आलं तर आधी रामबागवालीला फोन.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. गेल्या वर्षी रामबागवालीची कथा एका चांगल्या दिवाळी अंकानं घेतली, आणि आमच्यातल्या दोघींची त्याच अंकातून परत आली. बुधवारी कुणी काही बोलेना. शेवटी बँकवालीच म्हणाली, "मला फार हेवा वाटतोय, आज मी चहा करणार नाही." मग सगळ्या हसल्या आणि चहा रामबागवालीनं केला. तो अंक आला तेव्हा बँकवालीनं मुद्रणातल्या दोन चुका शोधल्या आणि तिला फार बरं वाटलं.

तर पुस्तक यायला वेळ आहे. चौदातल्या तीन कथांवर अजून टिंबं आहेत. एक बहुधा मी काढूनच टाकणार. बँकवाली ती आवडत नाही असं म्हणते, आणि तिचं कारण मला अजून खोडता आलेलं नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर एक साधा लेझर प्रिंटर पाठव. आम्ही आता अठरा पॉइंटात छापून वाचतो. बँकवालीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक टाइप तिला फक्त करारातच दिसतो, आणि दर वेळी दुकानातून प्रिंट काढणं परवडत नाही. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. सगळ्या फाइली यूनिकोडमध्ये करून द्यायच्यात, आणि रफार तपासायला मी शेजारी बसेन. सूनबाईला सांग, तिनं मागितलेली लसणाची शेव घेऊन ठेवली आहे.

एका दुसऱ्या प्रकाशकांना लिहिलंय. हक्क पाच वर्षांचे, रॉयल्टीचा हिशेब दर वर्षी लेखी, असं बँकवालीनं मसुद्यात घातलंय. त्यांचं उत्तर अजून नाही. महिनाअखेर आलं नाही तर ती स्वतः फोन करणार आहे, मग येईलच.

तुझी,
आई

ता. क. टीचर मावशीला तू फोनवर ‘आंटी’ म्हटलंस ते तिला अजिबात आवडलेलं नाही.