लांब ड्राइव्हला चषक, पण डबल बोगीचा हिशेब कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न.

नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरचे (तेच ‘गोल्फ क्लब मैदान’) क्रिकेट आठवते. क्रिकेटमध्ये उंच फटक्याला सहा धावा मिळतात. गोल्फमध्ये मात्र २५० यार्डांचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) आणि फूटभरावरून ढकललेला चेंडू कार्डावर सारखेच, एकेक फटका; आणि कमी फटके घेणारा जिंकतो. तरीही स्पर्धांमध्ये लांब ड्राइव्हला वेगळे बक्षीस ठेवतात आणि बातमीत ‘धाडसी खेळ’ छापून येतो. त्या धाडसाची किंमत, म्हणजे डबल बोगी (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त), कधी मांडली जात नाही.

समजा, पार-५ (पाच फटक्यांत संपणे अपेक्षित असलेले) होल आहे. दुसऱ्या फटक्याला ग्रीन (खळगा आणि झेंडा असलेली गुळगुळीत हिरवळ) २०० यार्डांवर आणि मध्ये तळे. चेंडू पलीकडे पडला तर होल सरासरी साडेचार फटक्यांत संपतो. पाण्यात गेला तर पेनल्टी धरून साडेसहा. तळ्याअलीकडे थांबून पुढचा फटका वेजने (जवळच्या, उंच फटक्याच्या काठीने) मारणाऱ्याला ५.३ लागतात. म्हणजे दहापैकी सहा चेंडू पलीकडे जाणार असतील तेव्हा कुठे दोन्ही मार्ग बरोबरीत येतात. तीनच जात असतील तर सरासरी ५.९ होते. तरी मोह होतो, कारण क्लब (म्हणजे काठी) निवडताना आपल्याला आपला सर्वोत्तम फटका आठवतो, नेहमीचा नाही.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. सरावाच्या रेंजवर प्रत्येक क्लबने वीस चेंडू मारावेत, सर्वांत लांबचे तीन आणि सर्वांत फसलेले तीन सोडून उरलेल्या चौदांची सरासरी काढावी. मोजायची ती कॅरी, म्हणजे चेंडू जिथे टप्पा घेतो तिथपर्यंतचे अंतर. घरंगळणे धरू नये. पावसाळ्यात तर ओल्या फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू घरंगळतच नाही. डावी-उजवीकडे किती पांगतात तेही लिहून ठेवावे. मुंबईहून येणारे काही जण नाशिकच्या उंचीवर फार विसंबतात. सुमारे ६०० मीटर उंचीवर १५० यार्डांच्या फटक्याला तीन-चार यार्ड जास्त मिळतात. दोन क्लबांतला फरक साधारण दहा यार्डांचा असतो. तेव्हा उंचीच्या भरवशावर क्लब बदलू नये.

कॅडी (क्लब वाहणारा मदतनीस) सहा नंबरचा क्लब पुढे करतो (नंबर जितका लहान, तितका फटका लांब) आणि समोरच्याने आठ नंबर मारला म्हणून साहेब सात मागतात, हे तर सर्रास चालते. चेंडू ग्रीनच्या अलीकडे वाळूच्या बंकरमध्ये पडतो आणि दोष वाऱ्यावर जातो. झेंडा कडेला, बंकरमागे असेल तर नेम ग्रीनच्या मध्यावर धरावा. तिथून लांबचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) उरेल, पण दोन पटांत होल संपतो. झाडांत अडकल्यावर फांद्यांमधल्या फटीतून ग्रीन शोधण्यापेक्षा आडवा फटका मारून फेअरवेवर यावे. एक फटका जातो, तीन वाचतात.

हे केवळ हौशी खेळाडूंपुरते नाही. १९९९च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर फ्रान्सच्या ज्याँ व्हॅन द वेल्डेकडे तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटके घेतले असते तरी विजेतेपद त्याचेच होते. त्याने टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) ड्रायव्हर हा सर्वांत लांब मारणारा क्लब घेतला, दुसरा फटका थेट ग्रीनकडे मारला, तिसरा ओढ्यात गेला. सात झाले आणि बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. उलट २००७च्या मास्टर्समध्ये झॅक जॉन्सनने चार फेऱ्यांतल्या एकाही पार-५ होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. त्या सोळा होलांवर तो ११ अंडर (पारपेक्षा ११ फटके कमी) होता आणि विजेत्याचे हिरवे जाकीट त्यालाच मिळाले.

जिल्ह्यातल्या स्पर्धांच्या आयोजकांना म्हणूनच एक सूचना: लांब ड्राइव्हचा चषक हवा तर ठेवा, पण प्रत्येक हँडिकॅप (खेळाच्या दर्जानुसारच्या) गटात सर्वांत कमी डबल बोगी करणाऱ्यालाही बक्षीस द्या. आणि आपल्या क्रीडा पानावर विजेत्याचा निकाल छापताना, अवघड होलवर त्याने टीवर कोणता क्लब घेतला एवढी एक ओळ जोडावी, ही विनंती.

– एक गोल्फप्रेमी वाचक, नाशिक