खोट्या बखरीची खूण तुकड्यातच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लटका इतिहास गंभीर आवाजात सांगणाऱ्या विनोदी पॉडकास्टवर श्रोते चिडले, की निर्मात्यांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘सुरुवातीलाच सांगितलं होतं, हे काल्पनिक आहे म्हणून.’ ध्वनिसंपादनाच्या धंद्यात असल्याने मला हे उत्तर लंगडं वाटतं. सुरुवातीची सूचना ऐकतो कोण? ३० सेकंद पुढे ढकलायचं बटण तिथेच दाबलं जातं आणि व्हॉट्सॲपवर फिरतो तो मधलाच मिनिटभराचा तुकडा.

दुखणं जुनंच आहे. १६ जानेवारी १९२६ रोजी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी एडिंबरोहून बीबीसीवर लंडनमधल्या दंगलीच्या खोट्या बातम्या वाचल्या. बिग बेनचा मनोरा कोसळला, तेव्हा आजची वेळ ‘अंकल लेस्लीं’च्या घड्याळावरून सांगू, इथवर थट्टा गेली. हा विनोद असल्याचं आधी जाहीर केलं होतं. पण उशिरा रेडिओ लावणाऱ्यांच्या कानी पडली ती नुसती दंगल. त्यात बर्फामुळे लंडनची वर्तमानपत्रं गावोगावी वेळेत पोचली नाहीत आणि घबराट वाढली.

म्हणून हे खोटं असल्याची खूण हवी ती विनोदाच्या त्याच वाक्यात. पुढच्या वाक्यात ठेवली की कात्री लागलीच. शिवाय खूण कोणाला कळेल तेही पाहावं. ‘आषाढ शुद्ध अष्टादशीस खलिता आला’ हे वाक्य झकास आहे, कारण पक्षात तिथी पंधराच. पण पंचांग न पाहणाऱ्याला ती तारीख अस्सलच वाटते. सातवाहन राजाच्या ताटातल्या बटाटेवड्याचंही तेच. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला हे सगळ्यांना कुठे ठाऊक असतं? अशा जागा दर्दी श्रोत्यांसाठी जरूर ठेवाव्यात, पण त्याच दमात ‘जासूद निघाला, परंतु रिक्षावाला मीटरने येईना’ असंही काही यावं.

खरं नाव, पटण्याजोगा आकडा आणि सपाट आवाज ही तिन्ही एकत्र आली की फसगत हमखास. यातलं निदान एक मोडावं. माझ्या मते नावच मोडावं. काल्पनिक सरदाराने काम भागत असताना संतांना आणि छत्रपतींना मध्ये ओढायचं कारण नाही.

आणखी एक. खुणेचा आवाज वाक्यानंतर न टाकता बोलणं चालू असतानाच, निवेदनापेक्षा साधारण १५ डेसिबल हळू ठेवावा. मग तो कापून निघत नाही. नगारा घेऊ नये, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही. बेसूर तुतारी उत्तम.

छापील माध्यमंही यातून सुटलेली नाहीत. डिसेंबर १९१७ मध्ये एच. एल. मेंकन या अमेरिकी पत्रकाराने बाथटबचा बनावट इतिहास छापला. व्हाइट हाउसमधला पहिला टब म्हणे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी बसवला! मे १९२६ मध्ये त्यानेच सारं थाप असल्याचं कबूल केलं. ‘बोस्टन हेरल्ड’ने ती कबुली छापली आणि तीन आठवड्यांनी तोच इतिहास खरा म्हणून पुन्हा छापला.

तेव्हा ‘दिनविशेष’ लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी पॉडकास्टमधली तारीख उचलण्याआधी अख्खा भाग ऐकावा आणि तिथी पंधराच्या आत आहे ना, तेवढं पाहावं, ही विनंती.

– एक ध्वनिसंपादक, ठाणे